बीएमडब्ल्यू ई३० एम३ की मर्सिडीज १९०ई १६-व्हॉल्व्ह? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या दोन जर्मन गाड्यांबद्दल ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही गाडी घ्यायला निघालेल्यांचे, बरेचसे निव्वळ कुतूहलापोटी. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच मांडलंय.

१. या दोन गाड्या नक्की कोणत्या? एम३ तर आजही विकली जाते.

इथे एम३ म्हणजे पहिली एम३, ई३० पिढीतली. सप्टेंबर १९८५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली आणि १९८६ पासून तयार होऊ लागली. चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह, २३०२ सीसी, २०० हॉर्सपॉवर. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर १९५.

मर्सिडीज म्हणजे १९०ई २.३-१६. ती त्याच प्रदर्शनात, पण दोन वर्षं आधी, सप्टेंबर १९८३ मध्ये दाखवली गेली. तिलाही चार सिलिंडर आणि १६ व्हॉल्व्हच. २२९९ सीसी, १८५ हॉर्सपॉवर, कन्व्हर्टरसह १७०. १९८८ मध्ये तिची जागा २.५-१६ ने घेतली. दोन्ही गाड्यांची ताकद मागच्या चाकांना जाते आणि दोन्हींना टर्बो नाही. एम३ ला दोन दरवाजे, १९०ई ला चार.

२. एक कूपे, दुसरी फॅमिली सेडान. मग यांची तुलना होतेच कशी?

कारण दोन्ही एकाच नियमावलीच्या लेकी आहेत. ग्रुप ए नावाच्या शर्यतींच्या गटात उतरायचं तर त्या गाडीचे सलग १२ महिन्यांत ५००० नग तयार व्हायला हवेत, अशी अट होती. म्हणजे कंपनीला शर्यतीची गाडी आधी गिऱ्हाइकाला विकावी लागे. या अटीमुळेच ऐंशीच्या दशकात शोरूममधून अशा गाड्या मिळाल्या, ज्या एरवी कुठल्याही हिशेबात बसल्या नसत्या.

मात्र नियम एक असला तरी दोघांची सुरुवात वेगळ्या टोकांकडून झाली. मर्सिडीजकडे १९८२ पासून उत्तम छोटी सेडान तयार होती. तिला तेज इंजिन दिलं. बीएमडब्ल्यूने आधी शर्यतीत काय लागेल ते ठरवलं आणि त्याप्रमाणे रस्त्यावरची गाडी बदलली. या पानावरच्या जवळजवळ प्रत्येक फरकाचं मूळ इथेच आहे.

३. मर्सिडीजमध्ये कॉसवर्थ कसं आलं? ती तर इंग्रज कंपनी.

मर्सिडीजला १९०ई मुळात रॅलीत उतरवायची होती. त्यासाठी नॉर्थॅम्प्टनच्या कॉसवर्थला इंजिनाचं काम दिलं. कॉसवर्थने मर्सिडीजच्या एम१०२ या चार सिलिंडर इंजिनासाठी हलक्या मिश्रधातूचा नवा सिलिंडर हेड आखला: वर दोन कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. खालचा ब्लॉक मर्सिडीजचाच.

तेवढ्यात ऑडी क्वाट्रो आली. टर्बो आणि चारही चाकांना ताकद. मातीत आणि बर्फात तिच्यापुढे मागच्या चाकांवर चालणाऱ्या, टर्बो नसलेल्या सेडानचा निभाव लागणार नव्हता. मर्सिडीजने रॅलीचा बेत सोडला, पण इंजिन ठेवलं आणि ते रस्त्यावरच्या गाडीत बसवलं. सर्किटवरच्या शर्यती पुढे आल्या.

४. एम३ चं इंजिन म्हणजे सहा सिलिंडरच्या इंजिनाचे दोन सिलिंडर कापून टाकलेलं इंजिन, हे खरं आहे का?

पहिल्या नमुन्यापुरतं अक्षरशः खरं. बीएमडब्ल्यूचे तेव्हाचे प्रमुख एबरहार्ड फॉन कुएनहाइम यांनी कंपनीचे इंजिनतज्ज्ञ पॉल रोशे यांना तीन-सिरीजसाठी तेज इंजिन बनवायला सांगितलं. रोशे यांनी एम१ आणि एम६३५सीएसआय या बीएमडब्ल्यूच्याच गाड्यांमधल्या सहा सिलिंडर इंजिनाचा २४ व्हॉल्व्हचा हेड घेतला, दोन सिलिंडरांचा भाग कापला आणि उघड्या टोकाला पत्रा वेल्ड केला. दोन्ही इंजिनांत सिलिंडरांमधलं अंतर सारखंच असल्यामुळे हा हेड बीएमडब्ल्यूच्या जुन्या एम१० या चार सिलिंडर ब्लॉकवर बसला. दोन आठवड्यांत इंजिन सुरू झालं. त्यातून पुढे एम३ चं एस१४ हे इंजिन घडलं.

विक्रीच्या गाड्यांत अर्थातच चार सिलिंडरांचा म्हणून ओतलेला हेड आहे. एम१० ब्लॉकही साधासुधा नव्हे. त्याच्यावर आधारलेल्या दीड लिटर टर्बो इंजिनावर नेल्सन पिके १९८३ मध्ये ब्रॅबहॅम संघाकडून फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला.

५. कागदावर वेगवान कोण?

एम३, पण थोड्या फरकाने. कन्व्हर्टर नसलेल्या एम३ साठी कंपनीने ० ते १०० किमी ६.७ सेकंद आणि कमाल वेग २३५ किमी दिला होता. २.३-१६ साठी ७.५ सेकंद आणि २३० किमी. एम३ चं वजन सुमारे १२०० किलो, मर्सिडीज त्याहून जड.

टॉर्क तर जवळजवळ एकच: एम३ चा २४० न्यूटन मीटर, २.३-१६ चा २३५. हे आकडे बघून ‘काय फरक आहे?’ असं वाटेल. आजच्या एखाद्या साध्या टर्बो हॅचबॅकलाही याहून जास्त टॉर्क असतो. या गाड्यांचं मोल या आकड्यांत नाहीच, म्हणून पुढचा प्रश्न जरा सविस्तर.

६. मग चालवताना फरक कुठे कळतो?

पहिला फरक उजव्या पायाखाली. एम३ मध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, आहे. पाय किंचित दाबला की इंजिन त्याच क्षणी उचल घेतं, सोडला की लगेच आवरतं. मर्सिडीजमध्ये बॉशचं केई-जेट्रॉनिक इंजेक्शन आहे, आणि चारही सिलिंडरांना मिळून एकच थ्रॉटल. प्रतिसाद गुळगुळीत येतो, पण निमिषभराने. एम३ ची पूर्ण ताकद ६७५० आरपीएमला मिळते, २.३-१६ ची ६२०० ला. दोन्ही इंजिनं खालच्या आरपीएमला शांत असतात आणि काटा साडेचार हजारांच्या पुढे गेल्यावर मोकळी होतात. त्यात एम३ चा आवाज जास्त कर्कश, धातूवर धातू घासल्यासारखा. कानाला गोड तो नाही. मला आवडतो.

दुसरा फरक वळणावर. एम३ चा मागचा सस्पेन्शन साध्या ई३० सारखाच तिरप्या आर्मचा, म्हणजे तेव्हाही जुनाच म्हणावा असा. पण पुढच्या चाकांची भूमिती बदलली, स्टिअरिंगचं प्रमाण जलद केलं, हब पाच बोल्टचे आणि ब्रेक मोठे बसवले. परिणाम असा की वळणाच्या तोंडाशी गाडीचं नाक लगेच आत वळतं, आणि टायर कितपत धरून आहे ते हाताला स्पष्ट जाणवतं. वळणाच्या मध्येच पाय उचलला तर शेपूट हलकेच बाहेर येतं, पण आधी सांगून येतं.

मर्सिडीजची गोष्ट उलटी. पुढचा भाग आणि स्टिअरिंग मंद. मागे मात्र त्या काळातली सगळ्यात हुशार रचना: प्रत्येक चाकाला पाच लिंक. ही पद्धत मर्सिडीजने १९०ई मध्ये पहिल्यांदा वापरली. मध्ये खड्डा लागला, उतार लागला, ब्रेक दाबावा लागला, तरी मागची चाकं रस्त्याशी आपला कोन सोडत नाहीत. त्यात १६-व्हॉल्व्हला मागे हायड्रॉलिक लेव्हलिंग दिलेलं, त्यामुळे मागे दोन माणसं आणि डिकीत सामान भरलं तरी गाडी बसत नाही. खराब रस्त्यावर २.३-१६ ज्या शांतपणे वेग धरून ठेवते, तो शांतपणा एम३ कडे नाही.

माझं मत: तासभर घाटात गाडी चालवायची असेल तर एम३, यात मला शंका नाही. सकाळी निघून रात्री सहाशे किलोमीटरवर पोहोचायचं असेल तर मर्सिडीज, आणि त्यातही २.५-१६.

७. पहिला गिअर डावीकडे खाली कशाला ठेवला?

दोन्ही गाड्यांत गेट्राग कंपनीचा पाच गिअरचा बॉक्स आहे. पहिला गिअर एकटा डावीकडे खाली. दुसरा-तिसरा एका सरळ रेषेत, चौथा-पाचवा दुसऱ्या रेषेत. सर्किटवर पहिला गिअर फक्त सुरुवातीला लागतो, नंतर सगळा खेळ दुसरा ते पाचवा. सारखं दुसऱ्या-तिसऱ्यात जावं लागत असेल तर ते समोरासमोर असलेले बरे. शहरात मात्र सिग्नलला पहिल्यावरून दुसऱ्यात जाताना मनगट मुरडावं लागतं, आणि नवशिक्याचा हात चुकून रिव्हर्सकडे जातो.

अपवाद: उत्तर अमेरिकेत विकलेल्या एम३ ला नेहमीच्या रचनेचा गिअरबॉक्स होता.

८. यांत ऑटोमॅटिक मिळते का?

एम३ मध्ये कधीच नव्हती. १९०ई १६-व्हॉल्व्हला चार गिअरची ऑटोमॅटिक पर्याय म्हणून मिळे. मर्सिडीजच्या दोन्ही इव्होल्यूशन, म्हणजे शर्यतीसाठी सुधारलेल्या आवृत्त्या (प्रश्न ११), मात्र मॅन्युअलच. वरच्या आरपीएमवर जगणाऱ्या या इंजिनाला ऑटोमॅटिक मानवत नाही, असं माझं मत आहे. गुडघ्याचा त्रास असेल तर गोष्ट वेगळी.

९. ५०,००० किलोमीटरचा विक्रम काय होता?

ऑगस्ट १९८३. गाडी अजून जगाला दाखवलीही नव्हती. मर्सिडीजने तीन २.३-१६ इटलीच्या दक्षिणेला नार्डो इथल्या गोल ट्रॅकवर नेल्या. एका फेरीची लांबी साडेबारा किलोमीटरच्या वर. गाड्या दिवसरात्र पळत राहिल्या. थांबायचं ते फक्त पेट्रोल, टायर, तपासणी आणि ड्रायव्हर बदलण्यापुरतं. ५०,००० किलोमीटर २०१ तास ३९ मिनिटांत पूर्ण झाले. सरासरी ताशी २४७.९ किमी, आणि या सरासरीत थांबण्याचा वेळही धरलेला आहे.

या गाड्या जशाच्या तशा शोरूमच्या नव्हत्या. त्या जमिनीला जास्त टेकलेल्या होत्या आणि त्यांचं गिअरिंग लांब केलं होतं. तरी जवळजवळ साडेआठ दिवस इंजिन जवळपास पूर्ण ताकदीवर राबवलं गेलं, ही गोष्ट उरतेच. १६-व्हॉल्व्हची खरी ओळख मला तरी या विक्रमात दिसते. पुढच्या प्रश्नातली शर्यत जास्त प्रसिद्ध आहे, एवढंच.

१०. आयर्टन सेन्नाने याच गाडीतून लाउडाला हरवलं होतं ना?

हो. १२ मे १९८४ रोजी नूरबुर्गरिंगचा नवा ट्रॅक सुरू झाला. उद्घाटनाला मर्सिडीजने नामांकित ड्रायव्हर बोलावून सगळ्यांना सारख्याच २.३-१६ दिल्या. निकी लाउडा, ॲलन प्रॉस्ट, जेम्स हंट, जॅक ब्रॅबहॅम, स्टर्लिंग मॉस, फिल हिल, जॉन सर्टीस, कार्लोस रॉयटमन, केके रोझबर्ग अशी ती यादी. त्यात सेन्ना हा फॉर्म्युला वनच्या पहिल्याच हंगामातला, टोलमन संघातला पोरगा.

प्रॉस्ट सगळ्यात पुढून निघाला. रस्ता ओला होता. सेन्नाने पुढचं स्थान घेतलं आणि सोडलं नाही. मागून वर आलेला लाउडा दुसरा, रॉयटमन तिसरा. बाकीच्या अनेकांनी ही शर्यत मौजेखातर घेतली होती, सेन्नाने घेतली नव्हती. तीनच आठवड्यांनी मोनॅकोच्या फॉर्म्युला वन शर्यतीत, पावसात, त्याने तेच पुन्हा दाखवलं आणि दुसरा आला. त्याची ती मर्सिडीज कंपनीने आजही जपून ठेवली आहे.

११. इव्होल्यूशन आवृत्त्या किती, आणि त्यांत नेमकं काय बदललं?

५००० गाड्यांची अट एकदा पूर्ण झाली की ५०० सुधारित गाड्या बनवून ते बदल शर्यतीत वापरायची मुभा मिळे. म्हणून या आवृत्त्यांचे आकडे नेहमी पाचशेच्या आसपास घुटमळतात.

बीएमडब्ल्यूची पहिली इव्होल्यूशन १९८७ ची. दुसरी १९८८ ची, २२० हॉर्सपॉवरची. १९९० ची स्पोर्ट इव्होल्यूशन ६०० नगांची. तिचं इंजिन २४६७ सीसीचं, २३८ हॉर्सपॉवरचं. रंग दोनच, काळा आणि लाल. पुढची पट्टी आणि मागचा पंख हाताने पुढेमागे सरकवता येतो. आत लाल सीटबेल्ट.

मर्सिडीजने १९८९ मध्ये इव्होल्यूशन आणि १९९० मध्ये इव्होल्यूशन २ आणली, दोन्ही ५०२ नगांच्या. इथे एक बारकावा आहे. साधी २.५-१६ सुद्धा अडीच लिटरचीच, पण तिचा पिस्टन ८७.२ मिमी वरखाली होतो. इव्होल्यूशनमध्ये बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ९७.३ मिमी केला आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा हा प्रवास, ८२.८ वर आणला. सीसी जवळपास तेवढेच राहिले, पण पिस्टनचा प्रवास कमी झाल्यामुळे इंजिनाला जास्त आरपीएम सोसू लागले. पहिल्या इव्होल्यूशनची ताकद रस्त्यावर साध्या २.५-१६ एवढीच होती. त्यामुळे तेव्हा अनेक गिऱ्हाइकांना जास्त पैसे कशाचे, असा प्रश्न पडला असेल. उत्तर ट्रॅकवर होतं. इव्होल्यूशन २ मध्ये ते रस्त्यावरही आलं: २३५ हॉर्सपॉवर, २५० किमी वेग.

चेकोटो, रावाल्या, युरोपामाइस्टर या नावांच्या एम३ विशेष आवृत्त्या आहेत, पण नियमाच्या अर्थाने इव्होल्यूशन नाहीत.

१२. इव्होल्यूशन २ चा तो भलामोठा पंख निव्वळ दिखाऊ आहे का?

अजिबात नाही. श्टुटगार्ट विद्यापीठातले वायुगतिशास्त्राचे प्राध्यापक रिशार्ड एप्लर यांचा त्या आखणीत हात होता. मागच्या काचेवर एक पट्टी बसवून हवा पंखाकडे वळवली आहे. एवढा पंख लावूनही हवेचा अवरोध वाढला नाही, उलट कमी झाला: साध्या २.३-१६ चा गुणांक ०.३२, इव्होल्यूशन २ चा ०.२९. पंख, लेव्हलिंग, पुढची पट्टी हे सगळं एका हिशेबात बसवलेलं आहे, म्हणून कुणी ‘साधी दिसावी’ म्हणून पंख काढला की मला वाईट वाटतं.

१३. शर्यतीत शेवटी जिंकलं कोण?

एकूण बेरीज केली तर एम३, आणि फरक मोठा आहे. १९८७ ची जागतिक टूरिंग कार अजिंक्यपद स्पर्धा रोबेर्तो रावाल्याने एम३ मधून जिंकली. त्याच वर्षी डीटीएम या जर्मन टूरिंग कार स्पर्धेत एरिक फान दे पूल एम३ मधून विजेता ठरला, तोही एकही शर्यत न जिंकता, निव्वळ सातत्याने गुण जमवून. १९८९ ची डीटीएम पुन्हा रावाल्याची. ऑस्ट्रेलियात १९८७ मध्ये जिम रिचर्ड्स, ब्रिटनमध्ये १९८८ मध्ये फ्रँक सिटनर आणि १९९१ मध्ये विल हॉय, सगळे एम३ मधून. बेल्जियममधल्या स्पा इथली २४ तासांची शर्यत चार वेळा. डांबरी रस्त्यांच्या कॉर्सिका रॅलीतही १९८७ मध्ये बर्नार बेगँ एम३ मधून पहिला आला. जी रॅली मर्सिडीजने आधीच सोडली होती (प्रश्न ३), तिथे बीएमडब्ल्यूने एक बाजी मारली.

मर्सिडीजला वाट पाहावी लागली. डीटीएमचं अजिंक्यपद १९८८ मध्ये फोर्ड सिएराने नेलं, १९९० आणि १९९१ मध्ये ऑडी व्ही८ ने. १९९२ मध्ये मात्र इव्होल्यूशन २ ने २४ पैकी १६ शर्यती जिंकल्या. क्लाउस लुडविग, कुर्ट थीम, बेर्न्ड श्नायडर, पहिले तिन्ही मर्सिडीजचे. त्याच हंगामानंतर बीएमडब्ल्यू डीटीएममधून बाहेर पडली. तेव्हा एम३ जास्त जिंकली हे खरं, आणि दोघी शेवटी पूर्ण तयारीनिशी भिडल्या तेव्हा मर्सिडीज पुढे होती, हेही खरं.

१४. मग एम३ चीच किंमत इतकी जास्त का? साधी १९०ई १६-व्हॉल्व्ह तर बरीच स्वस्त मिळते.

शर्यतीतलं नाव हे एक कारण. दुसरं, एम३ हे नाव पुढे चालू राहिलं. प्रत्येक नव्या पिढीने पहिलीची आठवण ताजी ठेवली. १९०ई १६-व्हॉल्व्हला तसा वारस नाही. नगांचं कारण मात्र लागू पडत नाही: एम३ सुमारे १८,००० बनल्या, २.३-१६ सुमारे १९,५००. आणि २.५-१६ तर सहा हजारांहूनही कमी, म्हणजे एम३ पेक्षा दुर्मिळ. बाजाराने तिच्यावर अन्याय केलाय असं मला मनापासून वाटतं. इव्होल्यूशन २ च्या बाबतीत अर्थात ‘स्वस्त’ हा शब्द विसरा.

१५. घ्यायची झाली तर आधी काय तपासू?

इंजिनाआधी पत्रा. दोन्हींचं इंजिन पैसे खर्च करून नवं करता येतं, सडलेला सांगाडा करता येत नाही.

१९०ई १६-व्हॉल्व्हच्या दारांखाली प्लास्टिकचे स्कर्ट आहेत. बाहेरून सगळं छान दिसतं, गंज आत असतो. स्कर्टवर जॅक लावण्याच्या जागी चार झाकणं असतात. ती बोटाने काढा, आत टॉर्च मारा आणि करंगळी फिरवा. हाताला कोरडी, गुळगुळीत कड लागली तर ठीक. पापुद्रे किंवा ओला चुरा हाती आला तर विक्रेत्याला स्कर्ट खोलायला सांगा. तो तयार नसेल तर परत फिरा. मग गाडीची डिकी दोन्ही हातांनी दाबा. मागचा भाग दबून परत वर आला पाहिजे. लाकडासारखा कडक लागला तर लेव्हलिंगचे दाबगोळे संपलेत. ते बदलता येतात, पण किमतीतून वजा करा. २.३-१६ ची टायमिंग चेन एकेरी आहे, ती कधी बदलली हे बिलावर बघा, तोंडी उत्तर चालणार नाही. थंड असताना आणि तापल्यावर आयडलिंग हलत असेल तर केई-जेट्रॉनिक तपासायला लागेल, आणि त्याचा जाणकार फिटर शोधणं हेच मोठं काम आहे.

एम३ ची बॅटरी डिकीत असते. तिथला गालिचा उचलून बॅटरीखालचा पत्रा बघा. सनरूफच्या पाण्याच्या नळ्या, जॅकच्या जागा, पुढच्या काचेखालचा भाग बघा. एस१४ थोडं खडखडतं, ते त्याच्या स्वभावातच आहे, पण चेनचा आवाज आणि टॅपेटचा आवाज वेगळा ओळखणारा माणूस बरोबर न्या. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग ही झिजणारी वस्तू समजा. व्हॉल्व्हचं अंतर शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून जुळवावं लागतं. ते कधी केलं याची नोंद मागा. आणि मालकाने तुमच्यासमोर थंड इंजिन सुरू करून लगेच रेस केली, तर बाकीची फाइल उघडायची गरज नाही.

सुटे भाग दोन्ही कंपन्यांच्या क्लासिक विभागांकडून येतात, पण सगळे नाही. एम३ चे खास पत्रे आणि १६-व्हॉल्व्हचं खास ट्रिम यासाठी आधी चौकशी करा, मग सौदा.

१६. नकली कशी ओळखायची?

चॅसी नंबरवरून. खऱ्या एम३ चा नंबर डब्ल्यूबीएस या अक्षरांनी सुरू होतो, साध्या ई३० चा सहसा डब्ल्यूबीए ने. मर्सिडीजच्या नंबरात मॉडेलचा आकडा लिहिलेलाच असतो: २.३-१६ साठी २०१.०३४, २.५-१६ साठी २०१.०३५, इव्होल्यूशनसाठी २०१.०३६. स्कर्ट आणि पंख लावलेल्या साध्या १९०ई भरपूर फिरतात.

एम३ ची नक्कल करणं त्या मानाने अवघड. फुगलेले फेंडर तर आहेतच, पण मागची काच वेगळ्या कोनात आहे आणि डिकीचं झाकण उंच आहे. चाकाला पाच बोल्ट आहेत का तेही मोजा. साध्या ई३० ला चार असतात.

१७. ३२०आयएस ला एम३ म्हणायचं का? काही जण ‘इटलीची एम३’ म्हणून विकतात.

नाही. इटली आणि पोर्तुगालमध्ये दोन लिटरच्या वरच्या इंजिनांना कर जबर होता, म्हणून बीएमडब्ल्यूने एस१४ चा स्ट्रोक कमी करून १९९० सीसीचं, १९२ हॉर्सपॉवरचं इंजिन काढलं आणि साध्या ई३० मध्ये बसवलं. इंजिन खरं एम३ घराण्यातलं, बाकीची गाडी नाही: फेंडर, हब, स्टिअरिंग, काहीच नाही. गाडी म्हणून ती फार छान आहे, आणि चार दरवाजांचीही मिळते. फक्त तिच्यासाठी एम३ ची किंमत मोजू नका.

उघड्या छताची एम३ मात्र खरीच एम३. ७८६ बनल्या.

१८. उजवीकडे स्टिअरिंग असलेली मिळेल का?

एम३ नाही. ई३० एम३ कारखान्यातून फक्त डाव्या स्टिअरिंगची निघाली, ब्रिटनमध्येही तशीच विकली गेली. २.३-१६ आणि २.५-१६ उजव्या स्टिअरिंगच्या मिळतात. मर्सिडीजच्या दोन्ही इव्होल्यूशन फक्त डाव्या. कुणी ‘उजव्या स्टिअरिंगची एम३’ दाखवली तर ती नंतर बदललेली आहे.

१९. भारतात आणून महाराष्ट्रात नोंदवता येईल का?

सरळ मार्ग नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली, ‘व्हीए’ मालिकेची. ती पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेल्या, मूळ रूपातल्या गाड्यांना मिळते. सगळ्यात जुनी २.३-१६ सुद्धा १९८४ ची, म्हणजे २०३४ च्या आधी तिचा प्रश्नच नाही. एम३ चा २०३६ च्या आधी नाही. आणि त्या नोंदणीवर रोजची ये-जा करता येत नाही. डाव्या स्टिअरिंगबाबत मोटार वाहन कायद्याचं कलम १२० आहे: ठरवून दिलेलं इशारा देणारं उपकरण चालू स्थितीत असल्याशिवाय अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. आयातीसाठी परकीय व्यापार महासंचालनालयाची चालू अधिसूचना वाचा, एजंटच्या शब्दावर पैसे देऊ नका.

एक दिलासा: १९०ई चा पाच लिंकचा मागचा सस्पेन्शन (प्रश्न ६) पुढे मर्सिडीजच्या डब्ल्यू१२४ मध्येही आला, आणि ती गाडी १९९५ पासून पुण्यात जोडली गेली. त्या लिंका आणि बुश हाताखालून गेलेले फिटर पुण्यात सापडतात.

२०. आम्ही परदेशात राहतो. तिकडे ठेवणं कितपत सोपं?

बरंच सोपं. जर्मनीत ३० वर्षांवरच्या, चांगल्या मूळ स्थितीतल्या गाडीला एच अक्षराची नंबर प्लेट मिळते आणि रस्ता कर ठरावीक लागतो. या दोन्ही गाड्या आता त्या वयात आहेत. ब्रिटनमध्ये ४० वर्षांनंतर रस्ता कर माफ होतो, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. अमेरिकेत २५ वर्षं उलटलेली गाडी बाहेरून आणता येते, त्यामुळे १६७ हॉर्सपॉवरच्या अमेरिकी २.३-१६ वर समाधान मानायची गरज नाही, युरोपातली २.५-१६, जी अमेरिकेत कधी विकलीच गेली नाही, ती मागवता येते. एम३ बाबतही तेच: अमेरिकी एम३ १९२ हॉर्सपॉवरची, आणि तिला प्रश्न ७ मधला गिअरबॉक्स नाही. तो हवा असेल तर युरोपातली शोधा, पण प्रश्न १५ ची तपासणी तुमच्या ओळखीच्या कुणीतरी तिथे प्रत्यक्ष जाऊन केल्याशिवाय पैसे पाठवू नका.